पाच लाख रुपये कुठे द्यायचे? लालबागमधल्या एका देणगीचं प्रकरण

बेस्टच्या बसवरच्या एका निवृत्त ड्रायव्हरने जाण्यापूर्वी पाच लाख रुपये बाजूला काढून ठेवले होते. घरच्यांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "हे पार्किन्सनच्या संशोधनाला द्या." कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी, याचा उल्लेख नव्हता. ते गेल्यावर बायको, मुलगा आणि मुलगी यांच्यात या रकमेवरून काही महिने चर्चा चालली, कधी शब्दाला शब्दही लागला. पैसे शेवटी कुठे गेले, का गेले, आणि त्यातून काय साधलं व काय राहिलं, ते इथे मांडते आहे.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. लालबाग-परळ भागात पार्किन्सनच्या रुग्णांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा एक छोटा गट शनिवारी एका गणेशोत्सव मंडळाच्या हॉलमध्ये भरतो, त्या गटाशी माझा जुना संबंध आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्या ड्रायव्हरना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणते, कारण गटात सगळे त्यांना तसंच म्हणायचे.

आजार आणि चाळ

काकांचा आजार डाव्या खांद्यापासून सुरू झाला. हात वर जाईना, म्हणून बराच काळ फ्रोजन शोल्डरचा शेक आणि व्यायाम चालला. चालताना त्यांचा डावा हात हलतच नाही, हे पहिल्यांदा काकूंच्या लक्षात आलं. कंप फारसा नव्हता. पार्किन्सन म्हणजे हात थरथरणं एवढीच चाळीतल्या लोकांची समजूत, त्यामुळे काका आळशी झाले, माणूसघाणे झाले, असं शेजाऱ्यांना वाटायचं. चेहऱ्यावर भाव नाहीत, आवाज बारीक. भारतमाता सिनेमाजवळच्या सिग्नलला खिडकीतून एक हाळी देऊन हातगाड्या बाजूला करणारा हा माणूस घरात पाणी मागायचा तेही ऐकू यायचं नाही.

पालिकेच्या रुग्णालयातल्या मेंदूविकार ओपीडीत निदान झालं आणि सिंडोपा ही गोळी सुरू झाली. मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागात डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचालीतली लक्षणं दिसू लागतात तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. गोळीतलं लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन बनतं आणि आखडलेलं शरीर मोकळं होतं, पण पेशींचं मरणं त्याने थांबत नाही. ते थांबवणारं औषध आजही जगात कुठेही नाही. म्हणूनच काकांच्या त्या एका वाक्याला वजन होतं. त्यांना गोळीचा गुण आला होता आणि गोळीची मर्यादाही त्यांनी अंगावर अनुभवली होती.

काही वर्षांनी एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत टिकेना. चाळीत शौचालय गॅलरीच्या टोकाला. रात्री अडीच-तीनला उठावं लागे, तेव्हा औषध ओसरलेलं असे आणि खोलीच्या उंबरठ्यावरच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. दोनदा पडले. गटाच्या फिजिओथेरपिस्टने सुचवलं की उंबरठ्यापासून शौचालयापर्यंत जमिनीवर ठरावीक अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावा आणि प्रत्येक पट्टी ओलांडायची असं मनात धरून पाऊल टाका. आपोआप चालण्याची यंत्रणा या आजारात बिघडते. डोळ्यांसमोर खूण ठेवून, ठरवून टाकलेलं पाऊल मेंदू वेगळ्या वाटेने उचलतो, त्यामुळे अडकलेला माणूस पुष्कळदा सुटतो. मंडळाच्या पोरांनी एका संध्याकाळी लाल पट्ट्या मारून दिल्या. गॅलरीतल्या बायकांनी बादल्या, कुंड्या आणि चपलांचे स्टँड एका बाजूला घेतले. कोणी सभा भरवली नाही, ठराव केला नाही. त्यानंतर काका त्या गॅलरीत पडले नाहीत.

त्यांची वहीही सांगायला हवी. ड्युटीवर वेळा नोंदवायची सवय असल्यामुळे गोळी किती वाजता घेतली, अंग किती वाजता मोकळं झालं, कधी आखडलं, काय खाल्लं, हे ते रोज लिहायचे. अक्षर महिन्यागणिक बारीक होत गेलेलं दिसतं. त्या वहीतूनच कळलं की रविवारच्या मासळीच्या जेवणाला लागून घेतलेली गोळी लागू पडत नाही. प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची शरीरात शोषलं जाताना स्पर्धा होते, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्यायची असते. गावाहून आलेली खाजकुइलीची पूड सुरू केल्यावर अंगाला विचित्र हेलकावे येऊ लागले, तेही वहीत आहे. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते 1937 मध्येच त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. गोळी आणि पूड एकत्र घेतल्याने मात्रा नकळत वाढली होती. ओपीडीतल्या डॉक्टरांनी वही पाहिली, पूड बंद केली आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आपल्या एका माणसापुरता का होईना, काका अभ्यासच करत होते.

तीन वाटा

सगळ्यात आधी एका खाजगी क्लिनिकचा फोन आला. काका असतानाच या क्लिनिकने मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) इंजेक्शनांसाठी काही लाखांचा आकडा सांगितला होता आणि 'हे संशोधन आहे' असंही म्हटलं होतं. पैशांची जुळणी झाली नाही म्हणून ते राहिलं. आता त्याच क्लिनिकच्या माणसाने काकांच्या नावाने 'संशोधन निधी'त देणगी द्यायचं सुचवलं. मुलगा जवळजवळ तयार झाला होता. वडिलांना तेव्हा ते उपचार देता आले नाहीत, ही खंत त्याच्या मनात होती आणि समोरच्या माणसाने नेमका तिथेच हात घातला.

हा भाग सविस्तर सांगते, कारण मुंबईत अशा फोनवर कितीतरी घरांच्या ठेवी मोडल्या जातात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या मान्य वापरांखेरीज मूलपेशी देणं फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच चालतं. पार्किन्सन त्या मान्य यादीत नाही. ट्रायल असेल तर ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली हवी, 2009 पासून ती नोंदणी सक्तीची आहे. नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. आणि प्रयोगातल्या उपचाराचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो. मुलाने एवढंच विचारलं: नोंदणी क्रमांक काय, समिती कोणती, आणि वडिलांकडून पैसे कशाचे मागितले होते? पहिल्या प्रश्नालाच उत्तर आलं नाही. विषय तिथे संपला.

मुलाचं दुसरं म्हणणं मात्र भक्कम होतं. मायकल जे. फॉक्स या अभिनेत्याला 1991 मध्ये, तिशी गाठण्याआधीच, हा आजार झाला आणि 2000 मध्ये त्याने संशोधनाला पैसा पुरवणारी संस्था काढली. त्या संस्थेने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम संशोधनाकडे वळवली आहे. 2010 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासातून 2023 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पाठीच्या कण्यातल्या द्रवात अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाची बिघडलेली रूपं ओळखणारी चाचणी पार्किन्सन बऱ्याच खात्रीने दाखवते, काहींमध्ये तर लक्षणं दिसण्याआधीच. "बाबांचे पैसे तिथे गेले तर खऱ्या शोधाला लागतील," असं मुलगा म्हणायचा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, पण सवलतीसाठी कोणी देत नव्हतंच.

मुलीचं मत वेगळं. ती पालिकेच्या शाळेत शिकवते, मोजकं बोलते. "बाबांना त्या पट्ट्यांनी चालवलं. पैसे शनिवारच्या गटाला द्या." मुंबईत 2001 पासून काम करणाऱ्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचं नावही तिने घेतलं. या संस्थेचे गट शहरात चालतात, आणि ज्याला तिथवर पोचता येतं त्याला आम्हीही तिकडेच पाठवतो. काकांना शेवटच्या काळात कुठेच पोचता येत नव्हतं.

काकूंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "त्यांनी संशोधन म्हटलं होतं. त्यांचा शब्द मला मोडायचा नाही. पण ज्याने त्यांना उभं ठेवलं, तेही सोडवत नाही."

ओपीडीतल्या डॉक्टरांचं उत्तर

कोंडी फुटली ती काकांवर उपचार केलेल्या न्यूरोलॉजिस्टांकडे. काकू, दोन्ही मुलं आणि मी त्यांना भेटलो. पाच लाखांत इथे कोणतं संशोधन होऊ शकतं, असं मुलाने विचारलं. डॉक्टरांचं उत्तर अनपेक्षित होतं. "निधी कमी पडतोच, पण माझे अभ्यास अडतात ते पेशंट परत येत नाहीत म्हणून. पहिल्या वेळी येतात, रक्त देतात, तपासणी होते. वर्षाने बोलावलं की निम्मे गायब. कोणाला आणणारा मुलगा रजा काढू शकत नाही, कोणी गावी गेलेला असतो, कोणी जिना उतरू शकत नाही."

हा आजार वर्षानुवर्षं बदलत जातो. एकदाच घेतलेल्या नोंदीतून त्याची चाल कळत नाही. 2023 चा जो शोध मुलाला प्रिय होता, त्यामागेही तेच आहे: हजारभर माणसं पुन्हा पुन्हा रुग्णालयात आली, कण्यात सुई टोचून घेतली, वर्षानुवर्षं टिकून राहिली. ती माणसं मुख्यतः अमेरिका-युरोपातली.

आपल्याकडची माणसं त्या आकड्यांत नसली तर काय बिघडतं, याचं उदाहरण डॉक्टरांनी जनुकांचं दिलं. एलआरआरके2 या जनुकातला एक ठरावीक बदल काही ज्यू आणि उत्तर आफ्रिकी अरब समाजांतल्या रुग्णांमध्ये बराच आढळतो, आणि या जनुकावर नेम धरणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. तोच बदल भारतीय रुग्णांमध्ये अगदी क्वचित सापडतो. मग आपल्याकडच्यांना हा आजार कोणत्या वाटेने होतो? त्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या रक्तातून मिळणार नाही. भारतात अनेक केंद्रांवर जनुकीय नमुने गोळा करण्याचं काम सुरू झालं, त्याला फॉक्स यांच्या संस्थेचाही हातभार आहे. म्हणजे तिकडचा पैसा इकडे येतो, आणि इथला माणूस जिन्यात अडकलेला असतो.

याच शहरात हे एकदा उत्तम झालेलं आहे. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पार्किन्सनचे रुग्ण मोजले आणि 1988 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दर लाखामागे 328.3 असं प्रमाण निघालं, त्या काळच्या इतर पाहण्यांच्या मानाने फारच जास्त. पारशी समाजात वयस्कांचं प्रमाण मोठं, हे त्याचं एक उघड कारण. जगभरच्या शोधनिबंधांत आजही तो आकडा येतो. माझ्या मते त्या अभ्यासाला शास्त्रज्ञांइतकाच वसाहतींनी हात दिला. एकत्र राहणारा समाज, ओळखीचे डॉक्टर, दार उघडणारी माणसं. लालबागहून दादर पारशी कॉलनी काही लांब नाही, आणि दार उघडणारी माणसं आपल्या चाळींतही आहेत.

काकूंनी तिथेच ठरवलं: पैसे रुग्णाला रुग्णालयापर्यंत नेण्यावर आणि परत आणण्यावर खर्च करायचे. त्यात काकांचा शब्दही राहतो आणि पट्ट्याही.

व्यवस्था

गट नोंदणीकृत नव्हता, त्यामुळे थेट देणगी घेणं योग्य नव्हतं. ज्याच्या हॉलमध्ये आम्ही बसतो ते मंडळ मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे. त्यांनी आपल्या हिशेबात वेगळं खातं उघडलं, पैसे मुदत ठेवीत ठेवले, आणि वार्षिक अहवालात या खात्याचा जमाखर्च स्वतंत्र छापायचं कबूल केलं. वर्गणीचा पै-पैचा हिशेब छापायची शिस्त लालबागमध्ये पिढ्यांची आहे, ती इथे कामी आली.

खरा पेच वेगळा होता. अभ्यासात भाग घेणाऱ्यालाच टॅक्सीचे पैसे द्यायचे का? आयसीएमआरची नीतितत्त्वं येण्याजाण्याचा खर्च भरून द्यायला हरकत घेत नाहीत, मात्र नीतिमत्ता समितीने ते तपासलेलं हवं आणि पैशाच्या मोहाने कोणी सहभागी होता कामा नये. ज्या घरात महिन्याच्या गोळ्यांसाठी हिशेब मांडावा लागतो, तिथे फुकट टॅक्सीसुद्धा मोह ठरू शकते. म्हणून आम्ही नियम केला की मदत कोणत्याही ओपीडी भेटीसाठी मिळेल, रुग्ण अभ्यासात असो वा नसो, आणि कोण अभ्यासात आहे हे गटाने विचारायचंही नाही. मुलाला सुरुवातीला हे पटलं नाही. "मग संशोधनाला गेले असं कसं म्हणायचं?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. पण मदत मिळवायला रक्त द्यावं लागतं, असं एकदा वस्तीत पसरलं की विश्वास संपला, आणि विश्वासावाचून कोणताच अभ्यास उभा राहत नाही. या नियमाबद्दल मी आजही आग्रही आहे.

काय झालं

सुरुवातीला पैसे खर्चच होईनात. लोक टॅक्सीचं बिल मागायला लाजत. मग लक्षात आलं की भाड्याहून मोठी अडचण सोबतीची आहे. मंडळाचे काही कार्यकर्ते पुढे आले. गर्दीत माणसं सांभाळायची त्यांना सवय. त्यांना फिजिओथेरपिस्टने शिकवलं: अडकलेल्या माणसाला हात धरून ओढायचं नाही, घाई करायची नाही. त्याला थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, समोर आपलं पाऊल आडवं ठेवून 'हे ओलांडा' म्हणा. ओपीडीच्या रांगेतही गोळीची वेळ चुकू द्यायची नाही. आता खात्यातला मोठा खर्च या सोबत्यांच्या चहा-जेवणावर आणि बुडालेल्या रोजावर होतो. गटातली माणसं तपासणीच्या तारखा पूर्वीपेक्षा खूपच कमी चुकवतात, असं ओपीडीतून कळतं.

कागदांचं कामही सोबत्यांनी अंगावर घेतलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, हे बहुतेक घरांना माहीतच नव्हतं. यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, अर्ज भरून झाले. आयकराच्या जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर एक लाखापर्यंत वजावट मिळते, मात्र 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला आणि तज्ज्ञाची चिठ्ठी लागते. नोकरी करणाऱ्या दोन मुलांना त्याचा उपयोग झाला.

जे जमलं नाही ते बायकांच्या बाबतीत. गटात स्त्री रुग्ण कमी येतात. हा आजार स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात होतो हे खरं, पण पुरुष आणि स्त्रिया यांच्यातला गटातला फरक त्याहून पुष्कळ मोठा आहे. नवऱ्याला आणणारी बायको दर शनिवारी दिसते, बायकोला आणणारा नवरा क्वचित. कार्यकर्त्यांसोबत टॅक्सीत बसायला बायका तयार होत नाहीत. सोबती म्हणून स्त्रिया मिळाल्या पाहिजेत, त्यांना नियमित मानधन दिलं पाहिजे, असं मुलीचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे.

दुसरी अडचण लग्नाची. जनुकीय अभ्यासाला रक्त द्यायला एका आजोबांनी ठाम नकार दिला: नातीचं स्थळ बघणं चालू होतं, 'घराण्यात रोग आहे' असं कोणी म्हणायला नको. बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार आईवडिलांकडून आलेला नसतो, नमुन्यांवर नाव नसतं, हे डॉक्टरांनी समजावलं. आजोबांनी ऐकलं आणि तरी नाहीच म्हणाले. त्यांची टॅक्सी चालूच आहे.

सध्याची स्थिती

मुदत ठेवीचा बराचसा भाग शिल्लक आहे. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामांच्या निधीतून, भर घालायची तयारी दाखवली, त्यासाठी मंडळाला सीएसआर-1 नोंदणी करावी लागेल. कंपनीला रुग्णांचे फोटो आणि हॉलबाहेर फलक हवा होता. काकूंनी फलकाला होकार दिला, फोटोला नाही. "त्यांचा चेहरा शेवटी हसत नव्हता. तो कोणी छापावा असं मला वाटत नाही, आणि दुसऱ्यांचाही छापू नये." कंपनीचं उत्तर अजून यायचं आहे.

मुलाने वडिलांच्या वहीची पानं स्कॅन करून, नाव काढून, डॉक्टरांना दिली आहेत. गोळी आणि जेवणाच्या वेळांची नोंद घरच्या घरी कशी ठेवायची, याचा एक मराठी तक्ता तो त्यावरून तयार करतो आहे. मुलगी सोबतीसाठी बायका शोधते आहे, दोघी मिळाल्या आहेत. नायगावच्या एका मंडळाने सोबत्यांचं प्रशिक्षण मागितलं आहे. जिने आणि गॅलऱ्या ओल्या झाल्या की पडण्याच्या तक्रारी वाढतात, म्हणून ते जूनच्या आधी उरकायचं ठरलं आहे.